बारीक वाळू, नितळ पाणी

फोरमनबाईंचा एक नेम होता. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की कुणाशी अक्षरही बोलायच्या आधी मूठभर वाळू धुवायची. फाटकाजवळच्या पिण्याच्या नळाखाली घमेलं धरायचं, वाळू भिजली की त्याला हलका गोल झोका द्यायचा, हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून सोडून द्यायची आणि तळाशी जी काळी कोर उरेल ती डोळे भरून बघायची. ती कोर म्हणजे कथलाचं खनिज. वाळूच्या अडीचपट जड, म्हणून पाण्याने कितीही ओढलं तरी तळ सोडत नाही. मोठमोठी यंत्रं आली, भिंतीवर दिवे लुकलुकायला लागले, पण बाईंचं घमेलं काही सुटलं नाही. मनात देवाचं नाव आणि हातात घमेलं, दोन्ही एकदमच होऊन जातं, असं त्या म्हणायच्या. तेही कुणी विचारलं तरच.

शेडच्या मागे उरलेल्या वाळूचा डोंगर होता. चाळीस वर्षं खाणीने जाडं खनिज काढून घेतलं आणि जे हाताला लागत नव्हतं ते मागे टाकत गेली. त्या डोंगरात टनामागे जेमतेम तीन किलो कथील, आणि तेही पिठाहून बारीक. तीन महिन्यांपूर्वी बैठकीत मोठे साहेब म्हणाले होते, "पिठाएवढ्या कणाला वजन ते कसलं? पाणी नेईल तिकडे तो जाणार."

एरवी तोंड न उघडणाऱ्या बाई तेवढ्या बोलल्या.

"येईल, साहेब. डोंगरातल्या शंभर किलो कथलातलं पन्नास मी काढून देते."

आपण हे कसं बोलून गेलो याचं त्यांचं त्यांनाच घरी गेल्यावर नवल वाटलं. पण शब्द गेला होता. साहेबांनी बारीक वाळूचा विभाग उभा केला आणि मुदतही घालून दिली. महिनाअखेर शंभरातले पन्नास आले नाहीत, तर विभाग बंद. स्पायरल उघडून दुसऱ्या खाणीवर पाठवायचे आणि शेडमधली चौतीस माणसं जिथे जागा असेल तिथे पांगायची. काहींना जागा असेल, काहींना नसेलही.

स्पायरल म्हणजे उभ्या खांबाला गुंडाळलेली घसरगुंडी. वाळू कालवलेलं पाणी वरून सोडलं की ते गरगरत खाली येतं. हलकी वाळू बाहेरच्या कडेला फेकली जाते, जड कथील आतल्या बाजूला रेंगाळतं आणि तिथे काळा पट्टा धरतो. तळाशी एक पातं असतं, ते हा पट्टा वेगळा काढून घेतं. एका स्पायरलमधून तासाला टनभर वाळू जाते. शेडमध्ये असे एकशे ब्याण्णव होते, रांगारांगांत, दोन मजले उंच. सगळे चालू असले की शेडभर पाऊस पडल्यासारखा आवाज भरून राहायचा आणि माणसं हातवाऱ्यांनी बोलायची.

पहिल्या आठवड्यात शंभरातले सेहेचाळीस आले. बाईंना वाटलं, झालंच आता. दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस. मग छत्तीस. आणि आता, मुदतीला चार दिवस उरले असताना, एकतीस.

"उतरत्या पायऱ्या बऱ्या बांधल्यात तुम्ही," केमिस्टने कागद पुढे करत म्हटलं. तो बारा महिने पडशाने हैराण आणि त्यामुळे कायम वैतागलेला. "असंच चाललं तर पुढच्या महिन्यात कथील आपल्याकडूनच डोंगरात जायला लागेल."

"नमुने नीट घेतलेत ना?"

"बाई, नमुना नीट, तराजू नीट, मी नीट. फक्त नाक तेवढं नीट नाही."

बाईंनी स्पायरलच्या रांगेतून फेरी मारली. पहिल्या आठवड्यात आतल्या बाजूला जो काळाशार पट्टा दिसायचा, तो आता धुरकट रेघ होऊन कुठे दिसे, कुठे विरे. पाती सरकवून पाहिली. पाणी कमी केलं, वाढवलं. काही उपयोग नाही. मग त्यांनी नेहमीचा उपाय केला. त्या थिकनरकडे गेल्या.

थिकनर म्हणजे शेडबाहेरची गोल टाकी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चाळीस पावलं. शेडमधून बाहेर पडलेलं गढूळ पाणी तिच्यात येऊन निवळतं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी काठावरून ओसंडून पुन्हा शेडमध्ये जातं. धरणाचं पाणी मोजूनमापून मिळायचं, म्हणून तेच पाणी असं फिरत ठेवावं लागे. गाळ लवकर बसावा म्हणून टाकीत एक पावडर कालवून सोडत. तिला सगळे औषधच म्हणत. ते औषध मातीच्या कणांना एकमेकांच्या हातात हात द्यायला लावतं, त्यांचे गोळे होतात आणि ते खाली बसतात.

ही टाकी बाईंच्या धाकट्या दिराच्या ताब्यात होती. दर तासाला तो दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायचा आणि ती किती खोल जाईपर्यंत दिसते ते फळ्यावर लिहायचा. बाकीच्यांची थाळी अर्ध्या हातावर दिसेनाशी व्हायची. याची दोन हात दिसायची. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती आणि तेव्हापासून खाणीत त्याला सगळे 'आरसेवाले' म्हणत.

"या वहिनी," तो म्हणाला. "केस विंचरायचे असतील तर इथेच विंचरा. पाणी बघा कसं आहे."

"भाऊजी, थट्टा राहू द्या. पट्टा धरत नाहीये. पाणी अजून थोडं स्वच्छ मिळेल का?"

"अजून? अहो, गेल्या आठवड्यात सांगितलंत, केलं. त्याच्या आधी दोनदा सांगितलंत, केलं. आता याच्यापुढे स्वच्छ म्हणजे मला टाकीत तीर्थच भरावं लागेल."

"बघा जमलं तर."

"तुम्ही म्हणालात म्हणजे जमवायलाच हवं. औषधाची कळ आणखी एक घर पुढे करतो. अडीच हात दाखवतो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीप्रमाणे घमेलं घेऊन नळाशी गेल्या आणि नळ कोरडा. पंप दुरुस्तीला काढला होता. शेजारी उभ्या फिटरने खुणेने सांगितलं, दुपारी येईल पाणी. दुसरं कुणी असतं तर त्या दिवसापुरतं घमेलं बाजूला ठेवलं असतं. पण नेम म्हणजे नेम. बाईंनी शेडमधल्या नळीतून पाणी घेतलं. तेच ते भाऊजींचं फिरतं पाणी, आरशासारखं.

वाळू भिजली. झोका दिला. बाईंना हाताला काहीतरी वेगळं लागलं. रोज वाळू बोटांखालून सुटी सुटी सरकायची, आज ती एकमेकांना धरून सरकत होती, ओल्या पिठासारखी. त्यांनी पुन्हा झोका दिला. काठावरून हलकी वाळू गेली, आणि तिच्यासोबत बारीक काळं काहीतरी गेलं. तळाशी कोर उरली ती केसाएवढी.

वाळू तीच. हात तोच. घमेलं तेच.

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. इतके दिवस घमेल्यात काळी कोर भरघोस दिसत होती आणि स्पायरलवर पट्टा दिसत नव्हता. हाताचं काम यंत्राला कुठलं जमणार, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. पण हात आणि यंत्र यांच्यात फरक नव्हताच मुळी. फरक पाण्यात होता. पहिल्या आठवड्यात सगळ्या टाक्या धरणाच्या ताज्या पाण्याने भरलेल्या होत्या, तेव्हा पट्टा होता. मग जसजसं पाणी फिरत गेलं आणि नितळ होत गेलं, तसतसा तो पुसत गेला. टाकीत उरलेलं जास्तीचं औषध पाण्याबरोबर शेडमध्ये येत होतं आणि तिथेही आपलं काम इमानेइतबारे करत होतं. मातीचे गोळे करत होतं आणि त्या गोळ्यांत बारीक कथील अडकवत होतं. एकट्या कणाला वजन होतं. मातीच्या गोळ्यात सापडलेल्या कणाचं वजन गोळ्यात बुडून जात होतं, आणि पाणी त्याला हलक्यांत ढकलत होतं.

आणि पट्टा पुसट झाला की पाणी आणखी नितळ करा असं सांगायला टाकीवर कोण जात होतं? त्या स्वतः. तीनदा. कालची धरून चारदा.

त्या उठल्या आणि कुणाला काही न सांगता दोन बरण्या शोधायला गेल्या. टाकीवर जाऊन चारचौघांत दिराला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. पाठ थोपटून घेतलेला माणूस तो. शिवाय चूक अर्धी आपली.

संध्याकाळी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर त्यांनी दोन बरण्या ठेवल्या. बाईंचे यजमान डंपरवर दुसऱ्या पाळीला होते. दीर नुकताच हातपाय धुऊन जेवायला बसला होता आणि सासूबाई त्याच्या ताटात वाढत होत्या.

"वहिनी, लोणचं घातलंत की काय?"

"बघा तर खरं." त्यांनी दोन्ही बरण्यांत सारखी वाळू घातली. एकीत घरच्या नळाचं पाणी, दुसरीत टाकीवरून आणलेलं. झाकणं लावून दोन्ही हातांनी दोन्ही सारख्या हलवल्या आणि ठेवून दिल्या.

नळाच्या पाण्याच्या बरणीत आधी तळाशी एक काळी रेघ बसली. तिच्यावर हळूहळू करडी वाळू आली. माती वर तरंगत राहिली, चहाच्या रंगाची. दुसऱ्या बरणीत बघता बघता सगळं गोळा झालं, पुंजके पुंजके होऊन झपकन खाली आलं आणि वरचं पाणी लख्ख. काळी रेघ नाहीच. काळं, करडं, तांबूस, सगळं एकात एक.

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. "हे काय ग, दूध फाटल्यासारखं? आणि ते दुसरं बघ कसं थरावर थर बसलंय. ह्या फाटक्याचं पाणी कुठलं?"

दिराचा घास हातातच राहिला.

"माझं आहे, आई," तो शेवटी म्हणाला.

"बाई ग." सासूबाईंनी पळी भांड्यात ठेवली. "दिसायला तर चांगलं आहे."

"दिसायलाच चांगलं आहे," तो म्हणाला. त्याने ताट बाजूला सारलं. "म्हणजे वहिनी, महिनाभर मी माझ्या हाताने तुमचं कथील..."

"आपल्या दोघांच्या हाताने. तुम्ही मनाने नाही वाढवलंत औषध. मी मागत गेले, तुम्ही देत गेलात. एकदाही घमेल्यात तुमचं पाणी घेऊन बघितलं नाही मी. फाटकाजवळचा नळ जवळ पडायचा म्हणून."

दीर उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, डोळ्यांनीच विचारलं, आता? बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, थांबा.

थोड्या वेळाने तो परत येऊन पाटावर बसला आणि ताट ओढून घेतलं. "किती कमी करू?"

"थाळी एक हातावर दिसेनाशी झाली पाहिजे. त्याहून नितळ नको."

"एक हात. फळ्यावर लिहायचं मी? लोक म्हणतील, आरसेवाल्यांचा आरसा तडकला."

"म्हणू देत. त्याने चौतीस माणसं कामावर राहतील."

"पस्तीस. शेड बंद झाली तर मी काय रिकाम्या टाकीत नुसती थाळी बुडवू?"

सकाळी सहाला त्याने औषधाची कळ मागे फिरवली, तीन घरं. पण टाकी, हौद आणि पाइप मिळून दीड दिवसाचं पाणी होतं, ते लगेच थोडंच बदलणार. तो दिवस बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दर तासाला त्या शेडमध्ये जायच्या आणि पहिल्या रांगेतल्या सातव्या स्पायरलपाशी वाकून बघायच्या. संध्याकाळपर्यंत केमिस्टने तेहतीस आणून दिले. "चढलंय," तो म्हणाला आणि शिंकला. "माझं औषध बंद केलं तर मीपण चढेन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सातव्या स्पायरलवर, तळापासून तिसऱ्या वळणावर, एक काळा धागा दिसला. बाई हलल्या नाहीत. धागा विरला नाही. उलट पाणी जसं खाली येत गेलं तसा तो जाड होत गेला. त्यांनी शेजारच्यावर नजर टाकली. तिथेही. मग त्यापुढच्यावर. त्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या. काळी रेघ त्यांच्याबरोबर चालत होती, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, कुणीतरी शाईत बोट बुडवून ओढत न्यावी तशी. वरच्या मजल्यावरच्या माणसाने कठड्यावरून खाली वाकून दोन्ही हात वर केले. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. माणसं आपापली पाती सरकवायला धावली, कारण पट्टा आता पात्याच्या बाहेर सांडत होता. इतका की जुन्या खुणांवर पातं ठेवून चालेना.

नेमके त्याच वेळी मोठे साहेब टाकीवर उभे होते.

बाईंना निरोप आला तशा त्या धावतपळत तिथे पोचल्या. साहेब फळ्याकडे बघत होते. फळ्यावर लिहिलं होतं, एक हात. टाकीतलं पाणी ताकाइतकं गढूळ नव्हतं, पण आरसा काही राहिला नव्हता.

"हे काय चाललंय?" साहेब दिराला विचारत होते. "शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही हात टेकलेत का? वाढवा औषध. आत्ता."

"नाही वाढवणार, साहेब," दीर म्हणाला. आवाज हलका होता, पण तो मागे हटला नाही. "टाकी माझी आहे, गढूळ मी केलीय. जाणूनबुजून."

साहेबांचा चेहरा बघून बाई मध्ये आल्या. "त्यांनी माझ्या सांगण्यावरून केलं. आणि आधी नितळ केलं तेही माझ्याच सांगण्यावरून. महिनाभर आकडे पडले ते माझ्या चुकीने, साहेब. मी स्वच्छ पाणी मागत राहिले आणि औषध आमच्या शेडमध्ये येऊन कथील बांधून ठेवत राहिलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही."

साहेबांनी फळ्यावरची नजर काढून बाईंकडे पाहिलं. हिच्याच शब्दावर उभारलेला हा विभाग, आणि ही बाई स्वतःच्या तोंडाने चूक सांगते आहे, तीही अशा वेळी, जेव्हा गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"आणि आता लक्षात आलं हे कशावरून?"

"कशावरून ते मी सांगण्यापेक्षा तुम्ही चला."

साहेब शेडमध्ये आले. रांगेच्या सुरुवातीलाच थांबले. खिशातून चष्मा काढून लावला, पुन्हा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग कोटाची बाही वर सरकवून त्यांनी पट्ट्यात दोन बोटं बुडवली आणि चोळून पाहिली. बोटं काळी झाली. ते काहीतरी बोलले, पण स्पायरलच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही. बाईंना ओठ वाचून एवढंच कळलं, की ते आकडा मागत होते.

"उद्या दुपारी," बाई मोठ्याने म्हणाल्या. "पूर्ण चोवीस तासांचा. अर्धवट नाही देणार."

शेवटच्या दिवशी सकाळीच फिटरांची गाडी फाटकात आली. आठ माणसं, पान्यांच्या पेट्या, लोखंडी साखळ्या. त्यांना हुकूम आधीच गेला होता आणि तो मागे घ्यायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती बिचारी शेडबाहेर पेट्यांवर बसून राहिली. शेडमधली माणसं त्यांच्याकडे बघायची, ते शेडकडे बघायचे.

"आम्ही सुरुवात करायची का?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने बाईंना विचारलं.

"चहा घ्या आधी," बाई म्हणाल्या.

दुपारी दीडच्या सुमाराला केमिस्ट आला. तो प्रयोगशाळेतून चालत येत होता, पण चाल नेहमीची नव्हती. मध्येच दोन पावलं पळायचा आणि मग आपण कोण आहोत हे आठवून पुन्हा चालायला लागायचा. कागद त्याने आधी साहेबांना द्यायला हवा होता. साहेब समोरच उभे होते. त्याने तो बाईंच्या हातात दिला.

"तीनदा केला," तो म्हणाला. "पहिल्यांदा मला वाटलं तराजू गेला."

बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. आणि मग कागद दिरापुढे धरला.

"सत्तावन्न," दिराने वाचलं. मग वळून शेडच्या दाराकडे तोंड करून, स्पायरलच्या आवाजावर आवाज चढवून पुन्हा वाचलं. "शंभरातले सत्तावन्न."

आत कुणीतरी लोखंडी पाइपवर पाना आपटला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. एकशे ब्याण्णव स्पायरलची शेड घंटेसारखी वाजायला लागली. बाहेर पेट्यांवर बसलेले फिटर उठून उभे राहिले, त्यांना वाटलं काहीतरी कोसळलं.

साहेबांनी कागद हातात घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग फिटरांच्या म्हाताऱ्याला जवळ बोलावलं.

"पाने बाहेर काढा," ते म्हणाले. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पेटीकडे वळला. "अहो, उघडायला नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत अशीच दुसरी शेड उभी करायची आहे. किती दिवस लागतील?"

"उघडायला दोन दिवस सांगितले होते, साहेब," म्हातारा डोकं खाजवत म्हणाला. "उभं करायचं म्हणजे महिना तरी."

"महिना घ्या."

मग साहेब बाईंकडे वळले. त्यांनी मागच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "पूर्ण धुवायचा म्हटलं तर हा किती वर्षं पुरेल?"

बाईंनी मनात हिशेब मांडला. तासाला दोनशे टन, दिवसाचे वीस तास, वर्षाचे तीनशे दिवस. दुसरी शेड आली तर तासाला दुप्पट. डोंगराची पाहणी त्यांना तोंडपाठ होती.

"एका शेडवर चौतीस वर्षं. दोन शेडवर सतरा."

"सतरा," दीर म्हणाला. "म्हणजे मी टाकीवरूनच निवृत्त होणार. वहिनी, तोपर्यंत लोकांना मला काहीतरी वेगळं नाव द्यायला सांगा."

"कामाला लागा, भाऊजी," बाई म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचून शेडमध्ये गेल्या. तिसऱ्या रांगेतली पाती अजून जुन्या खुणांवर होती, आणि पट्टा त्यांच्या बाहेर सांडत होता.